एका मनगटाचं यंत्र

अगं ये, अशी जवळ सरक. कागदावरून बोलतेय म्हणून लांब बसून ऐकू नकोस. आणि आधी मला थोडं रागवून घेऊ दे. लई नाही, पण आलाय राग. परवा फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "आजी, पाण्याखाली जाताना मनगटावर बांधायचं यंत्र घ्यायचंय. पैसे कमी आहेत, म्हणून मी आणि माझी रूममधली मैत्रीण मिळून एकच घेणार. ती उतरेल तेव्हा ती बांधेल, मी उतरेन तेव्हा मी." आणि वर तीन यंत्रांचे फोटो पाठवलेस, "यातलं कुठलं छान दिसतं सांग." छान दिसतं! लग्नातलं लुगडं आहे का ते?

तुला वाटलं असेल, रत्नागिरीला माशांचं शिक्षण घेणाऱ्या नातीचं समुद्रातलं गणित नळदुर्गच्या शिलाई मशीनवाल्या म्हातारीला काय कळणार. पण बाई माझे, त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात हे मला तू पाचवीत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. ते मी हातात घेतलंय. त्याच्यामुळं एका माणसाचा हात गेलेला बघितलाय. त्याच्यामुळं म्हणजे माझ्यामुळं. पण ते पुढं सांगते, तू उठून जाऊ नकोस.

आमचे घरमालक तुला आठवतात का? खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. तुझे आजोबा एसटीत होते, बदली होऊन आम्ही तिथं राहायला आलो आणि राहूनच गेलो. तू सुट्टीत यायचीस तेव्हा मालकांना भ्यायचीस, कारण ते बोलायचे नाहीत. न बोलण्याचं कारण तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते दम धरून बसलेले असायचे.

खरंच सांगते. विहिरीत पडलेल्या मोटारी बुडी मारून काढणं हा त्यांचा दुसरा धंदा. धंदा म्हणण्यापेक्षा खोड. दम वाढवायचा म्हणून ते दिवसभरात केव्हाही श्वास कोंडून बसायचे. मी पहिल्याच आठवड्यात खाली गेले, म्हटलं, "मालक, मोरीचा नळ गळतोय." त्यांनी एक बोट वर केलं. मी थांबले. गाल फुगलेले नाहीत, काही नाही, नुसते समोर बघतायत. मला वाटलं झटका आला. ओरडणार तोच त्यांनी सावकाश श्वास सोडला आणि म्हणाले, "वायसर गेलं असंल. उद्या बसवतो." असा तो माणूस. त्यांना काही विचारायचं तर दीड मिनिट हाताशी ठेवून जावं लागायचं.

माणसांना ते अरे-तुरे करायचे. तालुक्याच्या साहेबालासुद्धा. भाडेकरू बाई म्हणून मी तेवढी सुटले. पण मोटारींना अहो-जाहो. चिखलानं भरलेली मोटार कप्पीनं वर आली की हात जोडायचे. "या. लई दिवस झाले खाली. दमला असाल." लोक हसायचे. ते हसायचे नाहीत. विहिरीत उतरताना काठाच्या दगडावर हात ठेवून विचारायचे, "येऊ का?" आणि वर आल्यावर त्याच दगडाला सांगायचे, "आलो." एकदा सांगायला विसरले तर अर्ध्या रस्त्यातून मोटारसायकल फिरवून परत गेले. मी मागं बसले होते म्हणून मला ठाऊक.

मी मागं कशी, तर त्यांची दोरी धरायला. त्याचं असं झालं. एकदा आमच्याच गल्लीमागच्या विहिरीत ते उतरले आणि काठावरची माणसं घाबरून गप झाली. मी आपली मोजत होते, मोठ्यानं. एक, दोन, तीन, मध्येच बाजूच्या बाईला सांगतेय की भाजी करपली असेल, आणि पुन्हा पुढचा आकडा बरोब्बर. ते वर आले, म्हणाले, "ताई, तुमच्या तोंडाला खंड न्हाय. मला असंच मानूस पायजे. गप बसणारा मोजायचं इसरतो." झालं. तेव्हापासून मी त्यांची मोजणारी. काठावर बसून मी मोजायचे आणि ठरलेला आकडा आला की दोरीला दोन हिसके द्यायचे. त्यांनी त्या हिसक्यावर वर यायचं.

ती दोरी म्हणजे आमचं मोठं काम. विहिरीची खोली आपल्याकडं परसात मोजतात. एक परस म्हणजे एका माणसाची उंची. खाली काळोख, डोळ्यांना काही दिसत नाही, मग किती परस आलो हे कळावं कसं? म्हणून मी दोरीला दर परसाला चिंध्या शिवल्या. वरच्या तीन परसांना गोणपाट. पुढच्या तिनांना वेलवेट. मग कातडं. मग साडीचे जरीचे काठ. हात फिरवला की बोटांना कळायचं. मालक म्हणायचे, "जर लागली की समजावं, आता घरची आठवण काढायची."

मग सोलापूरचे एक साहेब भेटले. नौदलातून निवृत्त झालेले. कुणाच्या तरी शेतावर आले होते, मालकांची बुडी बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "या वयात दम कोंडून किती दिवस करणार? टाकी लावून शिका." मालकांनी आपल्या मेव्हण्यालाही ओढलं. मेव्हणे अणदूरचे, मिशीवाले, ट्रक चालवायचे, पाण्याला न भिणारे आणि दाजींना भिणारे. दोघं समुद्रावर जाऊन शिकून आले. साहेबांनी ओळखीतून जुन्या टाक्या मिळवून दिल्या. राहिलं ते मनगटावरचं यंत्र.

ते कशाला लागतं हे मला साहेबांनी गोटी सोड्याच्या गाडीवर समजावलं. खाली पाण्याचा दाब असतो. त्या दाबानं आपण घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरत जातो. जितकं खोल, जितका वेळ, तितका जास्त. माणूस घाईनं वर आला की दाब सुटतो आणि मुरलेला वायू अंगात फसफसतो. एवढं बोलून त्यांनी सोड्याची गोटी आत दाबली. फस्सकन फेस माझ्या पदरावर. "हे रक्तात, सांध्यात झालं तर?" म्हणाले. "म्हणून वर येताना वाटेत थांबायचं. किती थांबायचं ते यंत्र सांगतं. आणि मागच्या बुडीचं किती अंगात शिल्लक आहे तेही ते ध्यानात ठेवतं."

साहेबांनी बघायला तीन यंत्रं आणली. आता तू नीट ऐक, तुझ्या तीन फोटोंचं उत्तर इथं आहे.

मालकांनी दुकानासमोर पिंप ठेवलं. त्यात पाणी, पाण्यात शेतातली काळी माती दोन घमेली, आणि काठीनं ढवळलं. मग डोळ्यावरचा चष्मा काढला, हातात रबरी मोजे चढवले, आणि एकेक यंत्र त्या राबड्यात बुडवून बॅटरीच्या उजेडात वाचायला लागले. रस्त्यावरचे लोक जमले. कुणी विचारलं, "मालक, घड्याळ धुताय का?" त्यांनी बोट वर केलं. दम धरलेला. दम धरूनच वाचायचं, कारण म्हणे खाली जीव घाबरा झाल्यावर जे वाचता येतं तेच खरं.

पहिलं रंगीत पडद्याचं. काय देखणं! मोरपिसासारखं. पण आकडे बारीक, आणि रोज चार्जिंगला लावायचं. मालक म्हणाले, "आपल्याकडं लाइट कवा येईल आन् कवा जाईल! सकाळी इहिरीवर जायचं आन् हे झोपलेलं. नगं." दुसरं कुणीतरी वापरलेलं, अगदी स्वस्तात. मेव्हण्यांचा डोळा त्याच्यावर. मालकांनी ते उलटं करून बघितलं, बटण दाबलं तर मोज्यातून दबेना. "कुनाच्या मनगटावर काय सोसून आलंय कुणाला ठाऊक. आपल्याला न्हाय माहीत त्याचा सोभाव." तिसरं राखाडी, जाडजूड, विटेच्या तुकड्यासारखं. आकडे हरभऱ्याएवढे. सेल आपला आपण नाण्यानं झाकण फिरवून बदलता येतो. मालकांनी साहेबांना विचारलं, "हे गोड्या पाण्याचं बोलतं का? आमच्याकडं समुद्र न्हाय." साहेब म्हणाले, बोलतं. "आन् आमी उंचावर राहतो, ते कळतं ह्याला?" साहेब दचकले. म्हणाले, बरोबर विचारलंत, समुद्रापेक्षा इथं हवा पातळ, हिशेब बदलतो, हे यंत्र ते धरतं. शेवटी मालकांनी विचारलं, "घाईनं वर आलो तर काय करतं?" साहेब म्हणाले, शिट्टी वाजवतं. "माझे कान पाण्यानं गेलेत, साहेब. शिट्टीचा उपेग न्हाय. डोळा मारतं का?" साहेब हसले. आकडे उघडझाप करतात, म्हणाले. "मग हेच."

तर पोरी, पैसे कमी असले तर असं घ्यावं. रंग सोडून द्यावा. जे घाबरल्यावर वाचता येतं, थंडीनं आखडलेल्या बोटांनी दाबता येतं, आणि ज्याच्या सेलासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, ते घ्यावं. तुझ्या फोटोतलं डावीकडचं मला तसं वाटतंय. पण माझ्यावर जाऊ नकोस, बादलीत माती कालवून बघ.

साहेब जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले होते, "दोन घ्या. ज्याचं त्याला." पैसे एकापुरतेच होते. दुसऱ्यासाठी हंगामभर थांबावं लागलं असतं. मालक थांबायला तयार होते. मध्ये बोलले ती मी.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही दोघं एका वेळी उतरता कुठं? एक खाली, एक वर. मग दोन कशाला? घरात ताप मोजायची काचेची नळी एकच असते की. ज्याला ताप त्याच्या काखेत." मला फार हुशारीचं वाटलं ते. आपल्या घरांत असंच चालतं ना. एक छत्री, एक बॅटरी, चांगली बॅग एक, जो गावाला जाईल त्यानं न्यावी. मालकांनी बोट वर केलं, बराच वेळ दम धरला, आणि सोडून म्हणाले, "ताई म्हणतात ते खरं हाय."

त्यानंतर पावसाळा सरल्यावरची गोष्ट. जवळच्या एका गावाचं पिण्याचं पाणी दगडाच्या जुन्या खाणीतून यायचं. बारा परस पाणी. तराफ्यावर मोटार बसवलेली. तराफ्याचं पिंप गंजून फुटलं आणि मोटार पाइपासकट तळाला गेली. आठ दिवस गावाला नळ नाही. बायका टँकरमागं पळतायत. सरपंच स्वतः मालकांना न्यायला आला.

मोटार गाळात रुतलेली, पाइपाचा पीळ पडलेला. एका बुडीत होणारं काम नव्हतं. मालक उतरले, मेव्हणे उतरले, पुन्हा मालक, पुन्हा मेव्हणे. जो उतरेल त्याच्या मनगटावर यंत्र. मेव्हणे लवकर वर यायचे, गाळात त्यांना काही उमगत नव्हतं. मालक तळाशी जास्त थांबायचे, पाइप सोडवायचे. मी दोरी धरून मोजतेय.

दुपारी मेव्हणे वर आले आणि म्हणाले, "दाजी, हे बिघडलं. खाली जाताच थांब थांब म्हणाया लागलंय. म्या तर आताच गेलतो."

मालक यंत्राकडं बघत बसले. म्हणाले, "बिघडलं न्हाय. त्याला वाटतंय एकच मानूस उतरतोय. आपल्या दोघांचं पानी त्यानं एकाच अंगात धरलंय."

"मग आता खरं कुणाचं किती?" मेव्हणे म्हणाले.

काठावर गाव उभं. घागरी घेतलेल्या बाया. सरपंच घड्याळ बघतोय. मालक म्हणाले, "आज राहू दे. उद्या येऊ." तेवढ्यात घागरवाल्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, "आजचा नववा दिस हाय, बाबा." एवढंच.

आणि मी पुन्हा बोलले. तोंडाला खंड नाही ना. म्हटलं, "अहो, त्यात अर्धं तुमचं, अर्धं त्यांचं. ते नऊ मिनिटं थांब म्हणालं तर तुम्ही साडेचार थांबा."

बघ, किती सरळ वाटतं. भाकरी मोडून द्यावी तसं.

मालक उतरले. मोटारीला साखळी बांधली, पाइप सुटला. वर येताना यंत्रानं थांबायला सांगितलं ते खरंच नऊच्या जवळपास, हे मला मागून कळलं. वेलवेट संपून गोणपाट लागलं तिथं, वरून तिसऱ्या परसाला, ते दोरी धरून थांबले. मला वरून पाण्यात त्यांच्या श्वासाचे बुडबुडे दिसत होते. मी ठरल्याप्रमाणं साडेचार मिनिटं मोजली. एकही आकडा चुकला नाही. आणि दोरीला दोन हिसके दिले.

ते वर आले. माझ्या मोजण्यावर आले. दगडावर हात ठेवून म्हणाले, "आलो."

मोटार वर आली, हात जोडून झाले, गावानं नारळ फोडला. परतीला मालकांनी मेव्हण्यांना गाडी चालवायला दिली. तेव्हाच मला खटकलं, कारण ते गाडी कुणाला देत नसत. घरी येईपर्यंत उजव्या खांद्यात ठणका सुरू झाला, मग हाताला मुंग्या, मग हाताची मूठ वळेना. मेव्हणे म्हणाले, "यंत्र पन बंद पडलं, दाजी. नुसतं चौकोन दाखवतंय." मालक म्हणाले, "बंद न्हाय पडलं. आपन ऐकलं न्हाय म्हणून रुसलंय."

साहेबांना फोन केला. ते फोनवरच ओरडले. सोलापूरला नेलं, ऑक्सिजन लावला. पण ह्या दुखण्याला माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवावं लागतं, तसलं मोठं लोखंडी पिंप लागतं, ते आपल्या भागात नाही. मुंबईला नेईपर्यंत वेळ गेला. जीव वाचला. ठणका गेला. हात खांद्याच्या वर पुन्हा कधी उचलला नाही, आणि बोटांत तारेचं बारीक वेटोळं धरायची ताकद राहिली नाही. मोटारी गुंडाळणाऱ्याचा तो उजवा हात.

डॉक्टरांनी विचारलं, "अर्धा वेळ थांबायचं कुणी सांगितलं?" मी तिथंच उभी होते. मालक म्हणाले, "म्याच ठरवलं." साहेबांनी नंतर मला समजावलं. मेव्हणे तळाशी थोडा वेळ, मालक फार वेळ. त्या नऊ मिनिटांतला मोठा वाटा मालकांच्याच अंगातला होता. किती, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. यंत्राला तर मुळीच नाही. ज्याच्या अंगात मुरतं त्याच्याच मनगटावर ते पहिल्यापासून असावं लागतं. दुसऱ्याच्या मनगटावर गेलं की ते खोटं बोलत नाही, पण कुणाबद्दल बोलतंय ते आपल्याला कळत नाही.

मालकांनी डाव्या हातानं गुंडाळायला शिकून घेतलं. पहिली मोटार चार दिवसांनी झाली, वाकडी. तिला म्हणाले, "माफ करा, नवा कारागीर हाय." मेव्हण्यांना पुढल्या हंगामात नवं यंत्र घेऊन दिलं. आपलं राखाडी यंत्र दुकानात खिळ्याला अडकवलं आणि खाली भिंतीवर तेलरंगानं, डाव्या हातानं लिहिलं: एका मनगटाचं. गिऱ्हाईक विचारायचे हे काय. ते बोट वर करायचे.

मी लई वर्षं गप होते. मी, आणि गप! पण ह्या एका बाबतीत होते. मग एकदा त्यांच्या दुकानात पिशवी शिवून द्यायला गेले होते, म्हातारे झाले होते ते, कानानं जवळजवळ गेलेले. मी मोठ्यानं म्हणाले, "मालक, ते अर्धं-अर्धं मी सांगितलं होतं. एकच घ्या हेही मीच."

त्यांनी बोट वर केलं. मी उभी. मनात मोजायला लागले, सवयच. चाळीस झाले, साठ झाले. वाटलं उत्तर द्यायचं नाही म्हणून दम धरलाय. नव्वदाच्या पुढं त्यांनी श्वास सोडला.

"तुमचं मोजनं बरोबर हुतं, ताई," म्हणाले. "वाटनी चुकली. आन् वाटनी म्या मान्य केलती. पानी वाटता येतं. अंगात मुरलेलं न्हाय येत." आणि लगेच, "पिशवीला बंद लहान लावलाय तुम्ही."

दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. दोरी त्यांनी माझ्याकडं दिली होती, ट्रंकेत आहे. वेलवेटला कसर लागली, जर अजून टोचते.

म्हणून सांगते, त्या मैत्रिणीला सांग, आजी म्हणते एकत्र जेवा, एकाच पांघरुणात झोपा, पण हे एक वाटून घेऊ नका. दोन घेता येत नसतील तर एकीनं हा हंगाम थांबावं. मालक थांबायला तयार होते गं. त्यांना थांबू दिलं नाही ती मी. थोडी भर मी घालते, मशीन अजून चालतंय, ब्लाउजं येतात.

आणि दिवाळीची वाट बघू नकोस. सोलापूरपर्यंत रेल्वे आहे, तिथून एसटी, स्टँडवर मी येते. मैत्रिणीलाही आण. बादलीत काळी माती कालवून ठेवते, चष्मा काढून वाचून दाखवा मला. मग दोरी काढते ट्रंकेतून, डोळे मिटून हात फिरवा. जर लागली की सांगा. या लवकर दोघी, आपापलं यंत्र आपापल्या मनगटावर बांधून.